पोरीच्या गालावर पांढरे डाग: कोड म्हणायचं की दुसरं काही?

तुरीच्या_शेंगा | २ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, कास्तकारी आहे. मोठी पोरगी ९ वर्षांची. उन्हाळ्यात मामाच्या गावाहून आली तेव्हापासून तिच्या गालांवर फिकट पांढरे डाग दिसतात. उजव्या गालावर रुपयाएवढा एक, त्याच्याजवळ दोन लहान. डाव्या गालावर एक. खाजत नाही म्हणते. आधी जंताचे डाग समजून जंताची गोळी दिली, काही फरक नाही. मग तालुक्याच्या एका मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती ८ दिवस लावली. आता डाग अजूनच उठून दिसतात असं हिचं म्हणणं.

खरी अडचण घरात आहे. आमच्या आईने पोरीचं दूध बंद केलं, मासोळी बंद केली, लिंबू बंद केलं. परवा आत्या आली अन् ओसरीतच बोलली, "कोड दिसते बाई, लग्नाचं कसं होईल?" त्या रात्रीपासून पोरीचं ताट वेगळं. पोट्टी काही बोलली नाही. ताट घेऊन जात्यापाशी जाऊन बसली अन् भिंतीकडे तोंड करून जेवली.

कोड आहे की नाही हे घरी ओळखता येतं काय? पेरणी तोंडावर आहे, यवतमाळला जायचं तर दिवस मोडतो. गरज असेल तर जाईनच. फोटो खाली टाकले आहेत.

ता.क. हे आमच्या रक्तातच असेल काय? माझ्याही डाव्या हातावर, कोपराच्या खाली एक चट्टा आहे, दीड-दोन वर्षांपासून. फिकट तांबूस. पण तो कधी खाजला नाही, दुखला नाही, काही त्रास नाही, म्हणून लक्ष दिलं नाही.

---

ठेचा_भाकर | २ जून, रात्री १०:१५

भाऊ, बावचीचं तेल लावा अन् सकाळच्या उन्हात अर्धा तास बसवा. आमच्या गावात एकाचं गेलं असं ऐकलं. दूध अन् मासे एकाच जेवणात खाल्ले की कोड होते हे तं सगळ्यांनाच माहीत आहे.

---

कातडीवैद्य | २ जून, रात्री ११:३०

ठेचा_भाकर, कृपा करून थांबा. बावचीत सोरालेन असतं. ते लावून ऊन घेतलं की त्वचा भाजते. कोडाच्या उपचारात सोरालेन वापरतात हे खरं, पण मात्रा मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली. नऊ वर्षांच्या मुलीच्या गालावर अंदाजाने लावलंत तर उद्या फोड येतील, आणि कोड नव्हतंच असं निघालं तर ते फोड फुकटचे. दूध-माशाचं म्हणाल, तर कोडाशी त्याचा काहीही संबंध नाही. त्या पोरीचं दूध आजच सुरू करा, आणि ताट पंगतीत आणा. कोड असलं तरी ते कोणाला लागत नाही.

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या ठिकाणी. फोटोवरून निदान करत नाही, कारण मोबाइलचा कॅमेरा गोरा रंग आणखी गोरा करतो. पण बघायचं कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट, रंग किती गेला? कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो, कडा रेघ मारल्यासारखी स्पष्ट, त्यावर कोंडा नाही आणि त्वचा अगदी मऊ. ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं, कोपर, गुडघे या त्याच्या आवडत्या जागा. डागातले केसही कधी पांढरे होतात. जिथे खरचटतं, कमरेला नाडी घासते, तिथे नवा डाग उठू शकतो. रंग तयार करणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, म्हणून हे होतं.

तुमच्या मुलीचे डाग तुम्ही 'फिकट' म्हणालात, 'पांढरेफटक' नाही. या वयात, गालावर, कडा पुसट, वर बोट फिरवलं तर किंचित खरखरीत, उन्हाळ्यानंतर जास्त दिसणारे, असे डाग बहुतेक वेळा पिटिरियासिस अल्बा नावाच्या साध्या प्रकाराचे असतात. कोरड्या त्वचेचा प्रकार आहे. ऊन लागून आजूबाजूची कातडी काळवंडते आणि डाग तेवढाच फिकट राहतो, म्हणून मामाच्या गावाहून आल्यावर दिसला. गावोगावी याच डागांना जंताचे डाग म्हणतात. जंतांशी त्याचं नातं नाही (जंताची गोळी शाळेत मिळते ती द्याच, पण जंतांसाठी). साधं मॉइश्चरायझर, व्हॅसलीन सुद्धा चालेल, उन्हात जाताना ओढणी-टोपी, आणि धीर. काही महिने लागतात, कधी वर्षही.

त्या ट्यूबचं नाव बघा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर आजपासून बंद. तीव्र स्टिरॉइड लहान मुलांच्या चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते आणि ते स्वतःच रंग फिका करतं. दुकानातून अशी 'सगळ्यावर चालणारी' मिश्रणाची ट्यूब घेऊन आलेला रोगी माझ्याकडे रोज असतो.

---

आशाताई_नऊवारी | ३ जून, पहाटे ५:४०

सगळे पोरीच्या गालाकडं पाहून रायले. भाऊंनी शेवटी काय लिवलं ते कोणी वाचलं काय?

"खाजला नाही, दुखला नाही, काही त्रास नाही." भाऊ, हेच तं! मी सोळा वर्षांपासून आशा हाय, वर्धा जिल्ह्यात. कुष्ठरोगाच्या सर्व्हेले घरोघर फिरते. मले ज्या चट्ट्यानं त्रास होते त्याची भीती वाटत नाही. जो गप्प बसते त्याची वाटते.

आता ऐका. घरात मागच्या सालचा कापूस असनच पडून, भाव नाही म्हणून ठेवलेला. त्यातलं एक बोंड घ्या, कापसाची टोकदार वात करा. वयनींच्या हातात द्या. तुम्ही डोळे मिटा. वयनी आधी चांगल्या कातडीवर वात टेकवतील, मग चट्ट्यावर, मधीच खोटं खोटं, टेकवायचंच नाही. जिथं लागलं असं वाटते तिथं बोट ठेवाचं. घासायचं नाही, नुसतं टेकवाचं. तुम्ही डोळे उघडून कराल तं मन सांगते 'लागलं', कातडी नाही सांगत. मी किती जणाईले असं फसताना पाह्यलं.

अन् केल्यावर इथं खरं लिवजा.

---

संत्र्याची_फोड | ३ जून, सकाळी ८:०५

आशाताईंना नमस्कार. तोवर कोडाबद्दल मी लिहिते, कारण मला आहे. वरुडकडची आहे, वय ३४. बाराव्या वर्षी डाव्या पायाच्या घोट्यावर पहिला डाग आला, पुढे दोन्ही हात, ओठ.

वाचणाऱ्यांना एक सांगू? डागापेक्षा डागाभोवतीची माणसं जास्त पसरतात. शाळेत माझ्या शेजारी बसायला एक मुलगी कचरायची. तिच्या आईने सांगितलं होतं की लागते. आज ती माझ्या मुलाची शिकवणी घेते. दोघी त्यावर हसतो, पण मी ते विसरले नाही.

उपचार होतात, हे मोठ्याने सांगते. टॅक्रोलिमस मलम, मग आठवड्यातून दोनदा-तीनदा अरुंद पट्ट्याच्या अतिनील किरणांची फोटोथेरपी, ते दिवे ३११ नॅनोमीटरचे असतात. दोन्ही हातांवरचा रंग बराच परत आला. येतो कसा, तर केसांच्या मुळाशी रंगाच्या पेशी उरलेल्या असतात, तिथून आधी तिळाएवढे ठिपके उगवतात आणि ते एकमेकांना मिळतात. आरशात पहिला ठिपका दिसला तेव्हा मला वाटलं शाईचा डाग पडला, मी साबणाने घासला! बोटांची टोकं आणि ओठ मात्र हट्टी, तिथे केसच नाहीत तर पेशी कुठून येणार. डॉक्टरांनी थायरॉइडचीही तपासणी करायला लावली, कोडासोबत तो त्रास असू शकतो म्हणून. माझा निघाला, एक छोटी गोळी सुरू आहे.

आणि हो, दूध मी रोज पिते.

---

पवनारचा_काठ | ३ जून, दुपारी १:२०

थोडं अवांतर, पण मला महत्त्वाचं वाटतं. अर्धा घोळ आपल्या शब्दांचा आहे. कोडाला लोक 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, त्यामुळे कोड म्हणजे पांढरा महारोग असं डोक्यात बसतं. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द कितीतरी त्वचारोगांना मिळून वापरला आहे, आणि पांढऱ्या डागाला 'श्वित्र' असा वेगळा शब्द आहे. आपण मधला फरक गाळला आणि दोघांना एकाच पिंजऱ्यात घातलं.

आम्ही वर्धेकडचे, तेव्हा महारोग ही आमच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला काम सुरू केलं. परचुरेशास्त्रींना महारोग झालेला असताना गांधीजी सेवाग्रामला स्वतः त्यांचं अंग चोळत. वरोऱ्याला बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची. एवढा वारसा या मातीत, आणि तरी २०१९ पर्यंत आपल्या विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून छापलेलं होतं. ते त्या साली काढलं. कायदा सुधारला, ओसरीतली आत्या अजून सुधारायची आहे.

---

तुरीच्या_शेंगा | ३ जून, रात्री ९:१०

आशाताई, केलं.

दिव्याखाली बसलो. वात हिच्या हातात देणार होतो, पण पोरगी म्हणाली मी करते. डोळे मिटले. मनगटावर टेकवली, बोट ठेवलं. दंडावर, बोट ठेवलं. मग बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, "कर नं बापा, काहून थांबली?" ती म्हणाली, "बाबा, चारदा केलं."

डोळे उघडले तर कापूस चट्ट्यावरच टेकलेला होता.

नंतर हिने पेनाचं टोक लावून पाहिलं. कडेला थोडं समजते, मधे काहीच नाही. आता आठवते, मागच्या दिवाळीत चुलीतलं लाकूड सारताना तिथे चटका बसला होता. फोड आला तेव्हा कळलं. मला वाटलं कामाच्या घाईत लक्ष नव्हतं. त्या चट्ट्यावरचे केसही कमी आहेत, अन् वावरात घाम आला की बाकी हात ओला होतो, तेवढी जागा कोरडी राहते. हे आज पहिल्यांदा पाहिलं.

रक्तपिती असेल काय? स्पष्ट सांगा. पेरणी झाली की दाखवतो.

---

आशाताई_नऊवारी | ३ जून, रात्री ९:२५

पेरणी झाली की नाही. उद्या.

यवतमाळले जाची गरजच नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी फुकट, औषध फुकट. तुमच्या गावच्या आशाले आताच फोन करा, थे सोबत येईन. पाऊस तसाही चार दिवस नाही.

---

कातडीवैद्य | ३ जून, रात्री १०:४०

ताईंनी रोग पकडला असं दिसतंय, मी मुलीच्या गालातच अडकलो. कबूल.

स्पष्टच सांगतो. बधिर, कोरडा, घाम न येणारा, केस विरळ झालेला चट्टा म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत कुष्ठरोग समजायचा. कुष्ठरोगाचा चट्टा कोडासारखा पांढराशुभ्र नसतो. फिकट असतो किंवा तांबूस, तुम्ही लिहिलं तसाच. जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्री, तो कातडीतल्या नसांवर बसतो म्हणून संवेदना जाते. अतिशय सावकाश वाढतो, लागण होऊन लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीसही लागतात. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला जागच्या जागी मारते. त्यामुळे घरच्यांपासून लांब जाऊ नका, भांडी वेगळी करू नका.

उद्या डॉक्टर तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपतील, मानेची चाचपतील, करंगळी किती जोर लावते ते बघतील. तिथे मुंग्या येत असतील, करंगळी वाकत असेल तर आवर्जून सांगा. हातातून वस्तू निसटते का तेही.

मुलीच्या गालावर कापूस लावून तुम्ही निष्कर्ष काढू नका. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असतं, तिथे कुष्ठरोगाचा चट्टा असूनही संवेदना शाबूत राहू शकते. तिलाही सोबत न्या, डॉक्टरांना बघू द्या.

---

ठेचा_भाकर | ४ जून, सकाळी ७:००

कालचं बावचीचं मागे घेतो, माफ करा. भाऊ, माझी पाठ अन् छाती दर पावसाळ्यात पांढऱ्या ठिपक्यांनी भरते. हे वाचून रातभर झोप नाही आली, कापूस लावून पाहिला, लागते. आता हे काय म्हणायचं?

---

कातडीवैद्य | ४ जून, सकाळी ७:४५

ठिपक्यावर नख ओढून बघा. पिठासारखा बारीक कोंडा निघाला तर ती शिबं. मॅलासेझिया नावाची बुरशी, ती आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असते, घाम आणि दमट हवा मिळाली की माजते. किटोकोनाझोलचं मलम किंवा शाम्पू, वापर डॉक्टरला विचारून. बुरशी मेली तरी रंग परत यायला काही महिने जातात, आणि लोक 'औषध लागू पडलं नाही' म्हणून तीच ट्यूब आणखी दोन महिने चोळत बसतात. पुढच्या पावसाळ्यात परत येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अंगातला घामाचा बनियन वाळवून पुन्हा घालायची सवय असेल तर ती सोडा.

---

जांभूळवाट | ४ जून, सकाळी ११:३०

बायकांसाठी दोन गोष्टी विचारते. माझ्या आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी अगदी गोल पांढरा डाग पडला आहे. दुसरं, स्वतःचं नाव लपवून विचारते, कारण कोणाला विचारावं कळत नाही: लघवीच्या जागेजवळ पांढरे, पातळ कातडीचे चट्टे आणि खूप खाज, हेही कोडच का?

---

कातडीवैद्य | ४ जून, दुपारी २:१०

टिकलीचा डाग गोंदातल्या रसायनाने पडतो. ते रसायन रंगाच्या पेशी मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पट्ट्याच्याच आकाराचा डाग पडतो तो याच जातीचा. गोंदाची टिकली आजच सोडा, कुंकू चालेल, पण दाखवून घ्या. कधी हा डाग टिकलीची हद्द ओलांडून पुढे जातो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातले चट्टे कोडाचे असण्याची शक्यता कमी, कारण कोड सहसा इतकं खाजत नाही. लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, पण तो तसाच सोडला तर जागा आक्रसते आणि थोड्या जणींना पुढे कर्करोगाचा धोका असतो. लाजू नका, सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग किंवा त्वचारोग विभागात जा. इथे विचारलंत हे फार चांगलं केलंत.

---

तुरीच्या_शेंगा | ५ जून, रात्री ८:३०

काल गेलो होतो. आमच्या गावची आशा, मी, ही अन् पोरगी.

पोरीचं डॉक्टरीण बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं. बाकी अंगही तपासलं. तेच अल्बा, साधं. आईने रात्री दूध दिलं, स्वतःच. काही बोलली नाही, पण मलई वर टाकून दिली.

माझं कुष्ठरोगच निघालं. एकच चट्टा, म्हणून सहा महिने औषध. कोपराची नस थोडी जाड लागते म्हणाल्या, करंगळीत जोर आहे. गोळ्यांचं पान मिळालं, पहिला डोस त्यांच्यासमोरच घेतला. महिन्यातून एकदा तिथे जाऊन समोर घ्यायचा, बाकी रोज घरी. घरातल्या सगळ्यांना तपासून, त्यांना होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा एकच डोस देणार आहेत. चट्टा लाल होऊन सुजला किंवा हात दुखायला लागला तर गोळी न थांबवता लगेच या, असं दोनदा बजावलं.

घरी सांगावं की नाही याचा विचार करत बैलगाडीच्या रस्त्यापर्यंत आलो. शेवटी सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "पोरीचं ताट मी वेगळं केलं होतं नं?" त्यावर काय बोलणार.

---

आशाताई_नऊवारी | ५ जून, रात्री ८:५०

लघवी लाल होईन, घाबरजा नका, थे गोळीचा रंग हाय. पहिल्या दिवशी अर्धे लोक मले रात्री फोन करतात.

---

तुरीच्या_शेंगा | ६ जून, सकाळी ६:१५

ताई, रात्री तुमचं वाचलं नव्हतं. हिला उठवलं, दोघं दिवा घेऊन मागच्या आवारात उभे होतो.

---

संत्र्याची_फोड | ६ जून, सकाळी ९:००

😂 जपून राहा भाऊ.

---

तुरीच्या_शेंगा | १४ ऑगस्ट, रात्री ९:४५

तिसरं पान सुरू आहे. चट्टा तसाच दिसतो, बाई म्हणाल्या बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण पुढे वाढणार नाही. चुलीचं काम हिने माझ्याकडून काढून घेतलं. पोरीचे गालावरचे दोन लहान डाग गेले, मोठा अर्धा राहिला. गोळीचं पान तिच्या ताब्यात असते. खिळ्याला अडकवून ठेवलं आहे, रोज रात्री वात लावल्यावर स्वतः फोडून हातावर ठेवते, अन् गिळली की तोंड उघडून दाखवायला लावते.

---

ठेचा_भाकर | १४ ऑगस्ट, रात्री १०:०५

पऱ्हाटी कशी आहे मंग? इकडे मावा लय आला.

---

तुरीच्या_शेंगा | १४ ऑगस्ट, रात्री १०:२०

कमरेपर्यंत आली. पेरणी एका दिवसाने मागे पडली होती फक्त. माव्यावर काय मारलं?